ओटीतल्या (ऑपरेशन थिएटरमधल्या) नव्या सिस्टरसाठी: भूल देताना नजर कुठे ठेवायची

प्रश्न असा आहे: "मी जीएनएम. काही वर्षं प्रसूती वॉर्डात काम केलं, आता आमच्याच उपजिल्हा रुग्णालयात ओटीला ड्युटी लागली आहे. भूलतज्ज्ञ बाहेरून येतात आणि केस झाली की जातात. सर्जरीचं सामान, गॉज मोजणं, ऑटोक्लेव्ह हे जमतं. पण भुलेचं कुणी काही शिकवलेलं नाही. भूल देताना मी नक्की काय करायचं, कुठे बघायचं? आणि ते गेल्यावर कशाची काळजी घ्यायची?"

सिस्टर, तुमचा प्रश्न अगदी योग्य वेळी आला आहे, कारण पहिल्या काही महिन्यांत जी सवय लागते तीच पुढे टिकते. मी भूलतज्ज्ञ आहे. माझं बरंचसं काम ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांत झालं आहे. तिथे माझ्या मदतीला दुसरा भूलतज्ज्ञ नसतो, भुलेचा टेक्निशियन बहुतेक वेळा नसतो, सिस्टर असते. त्यामुळे हे सगळं मी मनापासून आणि जरा लांबवून लिहिते आहे.

आधी एक मर्यादा स्पष्ट असू द्या. अमेरिकेत वेगळं शिक्षण घेतलेल्या नर्स भूल देतात. आपल्याकडे भूल देणं हे डॉक्टरचं काम आहे: भूलतज्ज्ञाचं, किंवा सरकारी योजनेतून जीवरक्षक भुलेचं प्रशिक्षण घेतलेल्या एमबीबीएस डॉक्टरचं. "मी रस्त्यात आहे, तोवर तुम्ही मिडाझोलम देऊन ठेवा" असं फोनवर कुणी सांगितलं तर नम्रपणे नाही म्हणा. श्वास सांभाळू शकणारा माणूस शेजारी नसताना झोपेचं किंवा स्नायू ढिले करणारं औषध सलाइनला लावायचं नाही. सांगणारा कितीही मोठा असला तरी यात बदल नाही.

भूल म्हणजे काय, ते थोडक्यात. पूर्ण भुलेत आपण तीन गोष्टी करतो: जाणीव घालवतो, वेदना थांबवतो आणि गरज असेल तर स्नायू ढिले करतो. ही तिसरी गोष्ट श्वासही थांबवते, कारण छातीचे आणि पोटाच्या पडद्याचे स्नायूही स्नायूच. म्हणून सक्सिनिलकोलिन किंवा वेकुरोनियम गेलं की त्या क्षणापासून रुग्णाचा श्वास आपल्या हातात येतो. पाठीतल्या भुलेत, म्हणजे स्पायनलमध्ये, रुग्ण जागा असतो आणि श्वास त्याचा तोच घेतो, पण कमरेखालच्या रक्तवाहिन्या सैल पडतात आणि बीपी उतरतं. या दोन वाक्यांत तुमच्या कामाचा निम्मा नकाशा आला. पूर्ण भुलेत आधी श्वासाकडे बघा, स्पायनलमध्ये आधी बीपीकडे.

धोका ऑपरेशनभर सारखा नसतो. तो काही ठरावीक मिनिटांत दाटलेला असतो: झोप लागून श्वासनलिकेतली ट्यूब जागेवर बसेपर्यंत, स्पायनल दिल्यानंतरची पहिली १५ ते २० मिनिटं, ट्यूब काढताना, आणि टेबलावरून रिकव्हरीपर्यंतच्या वाटेवर. या वेळांत तुम्ही भूलतज्ज्ञाच्या हाताशी असलं पाहिजे. सर्जनला धागा हवा असेल, डायथर्मीची (विजेने रक्तस्राव थांबवणाऱ्या यंत्राची) प्लेट लावायची असेल, तरी दोन मिनिटं थांबता येतं. ट्यूब बसेपर्यंत मी ओटीत कुणालाही सिस्टरला हाक मारू देत नाही.

रुग्ण आत घेण्याआधी तुम्ही विचाराल त्या प्रश्नांत सर्वांत महत्त्वाचा पोटाचा. नियम सोपा आहे: पाणी किंवा दूध न घातलेला काळा चहा २ तास आधीपर्यंत, आईचं दूध ४ तास, गाईम्हशीचं दूध, दुधाचा चहा आणि हलकं खाणं ६ तास, तळलेलं किंवा जड जेवण ८ तास. पण "उपाशी आहात ना?" असं विचारू नका. चतुर्थीचा उपास करणारी बाई "हो, उपास आहे" म्हणते, आणि सकाळी साबुदाण्याची खिचडी झालेली असते. "फक्त अर्धा कप चहा घेतला" याला घरचे खाणं धरतच नाहीत. म्हणून विचारा: शेवटचा घास किती वाजता, कशाचा? शेवटचा घोट किती वाजता, कशाचा? उत्तर वेळेसकट केसपेपरवर लिहा. बाळंतकळा सुरू असलेली बाई कितीही वेळ उपाशी असली तरी तिचं पोट भरलेलं आहे असंच धरायचं.

त्याच वेळी तोंड उघडून बघा. हलणारा दात, कवळी, गालात दाबलेली तंबाखू किंवा मिश्री; हे सगळं भुलेत श्वासनलिकेत जाऊ शकतं. उजव्या-डाव्या तर्जनीची नेलपॉलिश काढा, नाहीतर ऑक्सिमीटर चुकीचं दाखवू शकतं. गडद मेंदी असेल तर दुसरं बोट किंवा कानाची पाळी वापरा. आधी कधी भूल घेतली होती का, तेव्हा किंवा घरात कुणाला भुलेचा त्रास झाला होता का, दमा, वाढलेलं बीपी, फिट, कुठल्या औषधाची ॲलर्जी, रक्त पातळ करायच्या गोळ्या, हे विचारा. आणि वजन काट्यावर करा. नातेवाइकांच्या अंदाजाने नाही. लहान मुलांत तर वजन लिहिलेलं नसेल तर मूल आत घेऊच नका, कारण माझा प्रत्येक डोस त्या आकड्यावर ठरतो.

आता मशीन. ऑक्सिजन पाइपलाइनचा असो वा जम्बो सिलिंडरचा, मशीनच्या मागे राखीव सिलिंडर भरलेला आहे का, हे रोज सकाळी उघडून बघायचं आणि पुन्हा बंद करायचं. उघडा ठेवला तर पाइपलाइनचं प्रेशर उतरताच तो नकळत संपतो. ऑक्सिजन सिलिंडरमध्ये वायूच्याच रूपात असतो, त्यामुळे काटा जितका खाली तितका साठा कमी. १,५०० लिटरचा बी-टाइप सिलिंडर अर्ध्यावर असेल तर ७५० लिटर उरले. मिनिटाला १० लिटर सोडले तर सव्वा तास. हा हिशेब मनात करायची सवय लावा, विशेषतः रेफर केलेल्या रुग्णासोबत ॲम्ब्युलन्समध्ये जाताना. नायट्रस ऑक्साइडचं तसं नाही. तो सिलिंडरमध्ये द्रवरूप असतो, म्हणून काटा जवळजवळ शेवटपर्यंत तिथेच राहतो आणि मग झपाट्याने पडतो. ऑक्सिजनचा सिलिंडर काळा, पांढऱ्या खांद्याचा, नायट्रसचा निळा. सिलिंडर जिथे बसतो त्या योकला पिना असतात, ऑक्सिजनच्या २ आणि ५ नंबरच्या, नायट्रसच्या ३ आणि ५. चुकीचा सिलिंडर बसू नये म्हणून त्या आहेत. बसत नसेल तर कुणालाही ठोकून बसवू देऊ नका, आणि दोन वॉशर लावू देऊ नका.

सक्शन चालू करून, बोट लावून ओढ बघा आणि नळी उशीखाली ठेवा. ओटी लहान असते, उलटी आल्यावर मशीनचा प्लग शोधायला वेळ नसतो. अंबू बॅग (हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी) आणि मास्क मशीनपासून वेगळे, टांगलेले हवेत. मशीन, वीज, पाइपलाइन सगळं बंद पडलं तरी अंबूवर माणूस जगतो. लॅरिंगोस्कोपचे (घशात बघायच्या उपकरणाचे) दोन हँडल, दोन ब्लेड, दिवा पांढरा आणि प्रखर. पिवळा मंद दिवा म्हणजे सेल बदला. ट्यूबा तीन: लागणारी, एक अर्ध्या नंबरने लहान, एक अर्ध्या नंबरने मोठी. गरोदर बाईसाठी ६.५ आणि ७ काढून ठेवा, तिचा घसा सुजलेला असतो. ट्यूबचा कफ (टोकाजवळचा फुगा) फुगवून पाण्यात न बुडवता हातानेच बघा, मग पूर्ण रिकामा करा. बूजी (ट्यूबला वाट दाखवणारी लवचिक काडी), स्टायलेट (ट्यूबला आकार देणारी तार), तोंडातला एअरवे, लॅरिंजियल मास्क (स्वरयंत्रावर बसणारा), टेप. या ट्रॉलीचा क्रम रोज एकच ठेवा. मी अंधारात हात पुढे केला तरी बूजी त्याच जागी असली पाहिजे.

यानंतरची गोष्ट मला सर्वांत जास्त सांगायची आहे, कारण इथे फक्त नर्सच रुग्णाला वाचवू शकते. ॲम्प्युल.

स्पायनलसाठी आपण वापरतो ते हेवी बुपिव्हाकेन ०.५ टक्का, ४ मिलीचं काचेचं ॲम्प्युल, आत पाण्यासारखं स्वच्छ औषध. सीझरमध्ये रक्तस्राव थांबवायला वापरतो ते ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड, ५ मिलीचं काचेचं ॲम्प्युल, आत पाण्यासारखंच औषध. काही कंपन्यांची ही दोन ॲम्प्युल्स शेजारी ठेवली तर लेबल वाचल्याशिवाय ओळखू येत नाहीत. शिरेतून दिलेलं ट्रॅनेक्झॅमिक जीव वाचवतं. तेच मणक्यात गेलं तर काही मिनिटांत पाठीत आणि पायांत भयंकर वेदना, मग पायांना झटके, मग सर्वांगाला फिट आणि हृदयाची लय बिघडणं. जगभर नोंदवलेल्या अशा प्रकरणांतले साधारण निम्मे रुग्ण दगावले आहेत. त्यांतल्या कितीतरी जणी सीझरसाठी आलेल्या निरोगी तरुण बाया होत्या. अशा बऱ्याच ठिकाणी हे घडायला पुरेसं होतं ते इतकंच: दोन ॲम्प्युल एकाच ट्रेमध्ये, आणि घाई.

म्हणून ट्रॅनेक्झॅमिक स्पायनलच्या ट्रॉलीवर असताच कामा नये. ते वेगळ्या कपाटात, बाळंतपणाच्या रक्तस्रावाच्या औषधांच्या डब्यात. स्पायनलच्या ट्रेवर एकच औषध: हेवी बुपिव्हाकेन, आणि भूलतज्ज्ञाने मागितलं तर त्यात मिसळायचं ओपिऑइड (अफूवर्गीय वेदनाशामक). ॲम्प्युल फोडण्याआधी लेबल माझ्यासमोर धरा आणि मोठ्याने वाचा: "बुपिव्हाकेन हेवी, अर्धा टक्का, एक्स्पायरी अमुक." मी परत वाचेन. मगच फोडा. फोडलेलं ॲम्प्युल टाकू नका, केस संपेपर्यंत वाटीत राहू द्या. औषधांचा नवा साठा आला की पहिलं काम, आतल्या ॲम्प्युलचं रूप मागच्यापेक्षा बदललं आहे का ते बघणं. कंपनी बदलली की रंग बदलतो, आणि हाताला सवय जुन्या रंगाची असते.

स्पायनलच्या ट्रेवर क्लोरहेक्सिडिनची वाटीही ठेवू नका. पाठ पुसून झाली की ती उचलायची. पाठ पूर्ण वाळू द्यायची, कारण क्लोरहेक्सिडिन मज्जातंतूंना घातक आहे. आणि पोटॅशियम क्लोराइडची ॲम्प्युल्स भुलेच्या ट्रॉलीच्या जवळपासही नकोत. डिस्टिल्ड वॉटर समजून ती फोडली गेली तर हृदय थांबतं.

सिरिंजवर लेबल नसेल तर ती सिरिंज टाकून द्यायची. "मला माहीत आहे यात काय आहे" हे चालत नाही, माझ्या तोंडचंसुद्धा. रंगीत लेबलं मिळतात: झोपेच्या औषधाला पिवळं, स्नायू ढिले करणाऱ्याला लाल, ओपिऑइडला निळं, बीपी चढवणाऱ्याला जांभळं, स्थानिक भुलेला करडं. मिळत नसतील तर पांढरी चिकटपट्टी आणि मार्कर पुरे, पण नाव आणि एका मिलीत किती मिलिग्रॅम, दोन्ही लिहा. झोपेचं औषध प्रोपोफोल दुधासारखं पांढरं असतं आणि त्यात जंतू झपाट्याने वाढतात. सकाळी भरलेली सिरिंज संध्याकाळच्या केसला वापरायची नाही. सक्सिनिलकोलिन आणि ऑक्सिटोसिन फ्रिजमध्ये.

आता प्रत्यक्ष स्पायनल, सीझरचीच घेऊ, कारण तुमच्याकडे तीच जास्त असेल. तिला बसवून पाय स्टुलावर, उशी पोटाशी, हनुवटी छातीला, खांदे सैल. तुम्ही समोर उभ्या राहून खांदे धरायचे. तिच्याशी बोलत राहा: आता गार लागेल, आता मुंगी चावल्यासारखं, आता हलू नका. कळ आली तर मला सांगा, मी सुई थांबवते. तुमच्या आवाजावर ती जितकी स्थिर बसते तितकी दुसऱ्या कशावर नाही. पायात एकदम वीज गेल्यासारखं झालं असं ती म्हणाली तर ते मला लगेच कळलं पाहिजे.

औषध गेलं की आडवी करून उजव्या कुशीखाली पाचर किंवा दुमडलेली चादर, म्हणजे गर्भाशय डावीकडे कलतं आणि खालची मोठी शीर दबत नाही. बाळ बाहेर येईपर्यंत ती पाचर काढू नका. बीपी पहिली दहा मिनिटं दर मिनिटाला, नंतर दर अडीच-तीन मिनिटांनी. मॉनिटर ऑटोवर टाकून तिथेच उभ्या राहा.

आणि एक चिन्ह पक्कं लक्षात ठेवा. ती म्हणते, "मळमळतंय, उलटी होईल असं वाटतंय." हात उलटीच्या औषधाकडे, ओंडान्सेट्रॉनकडे जातो. आधी बीपी बघा. स्पायनलनंतरची मळमळ बहुतेक वेळा बीपी उतरल्याची पहिली खबर असते, मॉनिटरच्या आकड्याच्याही आधीची. जांभया, चेहरा पांढरा पडणं, "घाबरल्यासारखं होतंय", याचाही अर्थ तोच. बीपी चढवायला फिनाइलेफ्रिन ५० ते १०० मायक्रोग्रॅम किंवा मेफेंटरमिन ६ मिलिग्रॅम भूलतज्ज्ञ देतील. तुम्ही ते आधीच भरून, लेबल लावून तयार ठेवलेलं हवं. सलाइनचा वेग वाढवा. बीपी सावरलं की मळमळ आपोआप जाते, बहुतेक वेळा दुसरं औषध लागत नाही.

पुढचा टप्पा अधिक गंभीर. बोटांना मुंग्या, हाताची पकड सैल, आवाज बारीक होत जाणं, "श्वास पुरत नाही". भूल वर चढते आहे. तिचा हात हातात घ्या आणि दाबायला सांगा. पकड आहे का ते कळतं. मला मोठ्याने सांगा आणि मास्क, ट्यूब, सक्शन पुढे करा. नाडी ६० च्या खाली जाऊ लागली तर नाडी वाढवणारं ॲट्रोपिन हातात असू द्या. याच कारणासाठी हेवी औषध दिल्यावर पहिली वीस मिनिटं टेबल मला विचारल्याशिवाय डोक्याकडे खाली करायचं नाही. सर्जन म्हणतील, "हेड लो द्या जरा." तुम्ही माझ्याकडे बघा. औषध जड आहे, ते उताराने डोक्याकडे जाईल.

बाळ आल्यावर गर्भाशय आकसवणारं ऑक्सिटोसिन एकदम दहा युनिट शिरेत ढकलू नका. बीपी धाडकन खाली येतं, आणि आधीच रक्त गेलेल्या बाईत त्याने हृदय थांबू शकतं. सावकाश, पातळ करून, सांगितलेल्या वेगाने. त्याच कामाची आणखी दोन औषधं: मेथर्जिन बीपी वाढलेल्या बाईला नाही, कार्बोप्रोस्ट दमा असलेलीला नाही. हे दोन प्रश्न तुम्ही आत घेतानाच विचारलेले असल्यामुळे उत्तर तुमच्याकडे तयार असेल.

पूर्ण भुलेत तुमच्या मदतीचा खरा क्षण ट्यूब टाकतानाचा. आधी मी तीन मिनिटं घट्ट मास्कने शंभर टक्के ऑक्सिजन देते. सर्जन स्क्रब होऊन उभे असतात, मिनिटं मोठी वाटतात, पण कुणी घाई करू लागलं तर तुम्हीही माझ्या बाजूने उभ्या राहा. फुप्फुसातला नायट्रोजन जाऊन तिथे ऑक्सिजन भरला की निरोगी माणसाचा श्वास थांबल्यावरही कितीतरी मिनिटं सॅच्युरेशन (रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण) टिकतं. हवेवरच झोपवलं तर एक-दोन मिनिटांत घसरतं. गरोदर बाई, जाड माणूस आणि लहान मूल यांच्याकडे तो साठा मुळातच कमी असतो.

पोट भरलेल्या रुग्णात मी तुम्हाला क्रिकॉइड दाबायला सांगेन. पुरुषाच्या गळ्यात जो उंचवटा दिसतो तो थायरॉइड कूर्चेचा. त्याच्या खाली बोट घसरवत आणा, एक मऊ खाच लागते, तिच्याखालची कडक गोल कडी ती क्रिकॉइड. अंगठा आणि तर्जनीने सरळ मागे. जागा असताना हलकं, झोप लागली की साधारण तीन किलोंचा दाब. तीन किलो म्हणजे किती हे कळायला प्रसूती वॉर्डातल्या बाळांच्या काट्यावर दोन बोटांनी दाबून बघा. तो दाब हाताला कळला की कळला. मी सांगेपर्यंत सोडायचं नाही, पण रुग्णाला सक्रिय उलटी होऊ लागली तर लगेच सोडायचं. दाबाने मला आतलं दिसत नसेल तर मी तुम्हाला सैल करायला सांगेन. तेव्हा "सोडते आहे" असं तोंडाने म्हणा.

ट्यूब गेली. आता सगळ्यांची नजर छातीकडे आणि स्टेथोस्कोपकडे असते. तुमची कॅप्नोग्राफकडे. बाहेर येणाऱ्या श्वासात कार्बन डायऑक्साइडची लाट दिसली आणि लागोपाठ सहा श्वास टिकली, तर ट्यूब श्वासनलिकेत आहे. लाट नाही म्हणजे ट्यूब अन्ननलिकेत आहे असंच धरायचं, छाती हलत असली तरी. सॅच्युरेशन ९८ आहे म्हणून निश्चिंत राहायचं नाही; आधी भरलेल्या ऑक्सिजनमुळे ते काही मिनिटं वर राहतं आणि मग कोसळतं. ९० च्या खाली गेलं की घसरण फार वेगाने होते, कारण तिथून पुढे रक्तातला ऑक्सिजन आणि आकडा यांचं नातं कड्यासारखं उतरतं. तुमच्या ओटीत कॅप्नोग्राफ नसेल तर तो मागणारं पत्र अधीक्षकांना द्या. भूलतज्ज्ञांचीही सही घ्या. ही चैनीची मागणी नाही.

आता बोलण्याविषयी. २००५ मध्ये इंग्लंडमध्ये एक तरुण आई सायनसच्या साध्या ऑपरेशनसाठी गेली. भूल दिल्यावर ट्यूब जाईना, मास्कनेही श्वास देता येईना. सॅच्युरेशन ४० वर आलं आणि फार वेळ तिथेच राहिलं. अनुभवी डॉक्टर ट्यूब टाकण्याचा पुन्हा पुन्हा प्रयत्न करत राहिले. त्या खोलीत एक नर्स गळ्यातून श्वासमार्ग उघडण्याचा सेट घेऊन आली आणि तयार आहे म्हणून तिने सांगितलंही. दुसऱ्या नर्सने आयसीयूत खाट सांगितली. दोघींनाही काय करायला हवं ते कळलं होतं. पण ते डॉक्टरांपर्यंत पोहोचेल असं बोललं गेलं नाही, आणि आयसीयूची खाट नंतर रद्द केली गेली. ती बाई काही दिवसांनी गेली. तिचा नवरा मार्टिन ब्रोमिली विमानाचा पायलट. त्याने शिक्षेची मागणी केली नाही. अशा वेळी खोलीतली माणसं एकमेकांशी कशी बोलतात याचा अभ्यास व्हावा म्हणून संस्था उभी केली. आज जगभर भुलेच्या शिक्षणात ही घटना शिकवली जाते.

मी ती तुम्हाला सांगते आहे, कारण ट्यूब टाकणाऱ्याची नजर घशातल्या एका बिंदूवर खिळलेली असते. किती वेळ गेला हे त्याला खरंच कळत नाही. तुम्हाला कळतं, तुमच्या समोर घड्याळ आहे. म्हणून आकडा बोला. "मॅडम, सॅच्युरेशन ८४." "दुसरा प्रयत्न झाला." "तीन मिनिटं झाली." "लॅरिंजियल मास्क उघडलाय, हातात देते आहे." "गळ्याचा सेट उघडू?" यात कुणाचा अपमान नाही. चांगला भूलतज्ज्ञ हे ऐकून भानावर येतो. आणि नंतर कुणी रागावलंच, तर केस संपल्यावर शांतपणे सांगा की पुढच्या वेळीही तुम्ही आकडा बोलणारच.

सर्जिकल सेफ्टी चेकलिस्ट तुमच्या भिंतीवर लावलेली असेल. जागतिक आरोग्य संघटनेने ती २००८ मध्ये आणली. आठ शहरांतल्या रुग्णालयांत, त्यांत नवी दिल्लीही होती, ती वापरून पाहिली तेव्हा मृत्यूंचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ वर आणि गुंतागुंती ११ वरून ७ टक्क्यांवर आल्या. पण हे मोठ्याने वाचल्यावर घडतं. केस संपल्यावर सगळ्या चौकटींत बरोबरच्या खुणा करून काहीच होत नाही. भूल देण्याआधीचा पहिला भाग, म्हणजे नाव, बाजू, ॲलर्जी, श्वासमार्ग अवघड आहे का, रक्त लागेल का, हा तुमचा आहे. तो तुम्ही सुरू करा.

स्पिरिटयुक्त औषधाने त्वचा पुसली असेल तर डायथर्मीआधी किमान तीन मिनिटं वाळू द्या, खोलगट जागी साचलेलं पुसून घ्या. चादरीखाली ऑक्सिजन साचला असेल तर आग लागू शकते. हात ९० अंशांपेक्षा जास्त ताणू नका, कोपराखाली मऊ गादी, डोळे टेपने बंद. सलाइन कोमट ठेवा, एसीचा झोत रुग्णावर नको. लिग्नोकेन किंवा बुपिव्हाकेनचं मोठं इंजेक्शन दिल्यावर रुग्ण तोंडाभोवती बधिरता, धातूची चव, कानात घुंई असं म्हणाला तर ते औषध रक्तात गेलं आहे. ऑक्सिजन, फिटची तयारी, आणि यावर उतारा म्हणून शिरेतून द्यायच्या २० टक्के लिपिडची (चरबीच्या द्रावणाची) बाटली कुठे आहे ते आजच शोधून ठेवा. पहिला डोस किलोला दीड मिली असतो, म्हणजे ५० किलोच्या बाईला ७५ मिली.

ट्यूब काढताना पुन्हा हाताशी या. सक्शन चालू, मास्क तयार. लहान मुलाला ट्यूब काढल्यावर हलवू नका, चिमटे काढू नका, घशात सक्शन खुपसू नका. अर्धवट झोपेत छेडलं की स्वरयंत्र घट्ट मिटतं. रुग्णाने सांगितल्यावर पाच सेकंद डोकं उचलून धरलं आणि हात घट्ट दाबला तर स्नायूंची ताकद बऱ्यापैकी परतली आहे.

टेबलावरून हलवण्याआधी एक काम कधीही विसरू नका. हातातली व्हेनफ्लॉन (शिरेत बसवलेली सलाइनची सुई) सलाइनने फ्लश करा, भूलतज्ज्ञ शेजारी असताना. नळीत, थ्री-वेमध्ये (तीन तोंडांच्या तोटीत) उरलेले वेकुरोनियमचे काही थेंब वॉर्डात अँटिबायोटिकसोबत आत ढकलले गेले आणि रुग्णाचा श्वास तिथे थांबला, असं घडलेलं आहे. विशेषतः लहान मुलांत.

रिकव्हरीत कुशीवर, ऑक्सिजन चालू, पहिली पंधरा मिनिटं दर पाच मिनिटांनी नाडी, बीपी, श्वास, सॅच्युरेशन. घोरणं ऐकू आलं तर "गाढ झोपलाय" समजू नका, जीभ मागे पडली आहे. दोन्ही बाजूंनी जबडा पुढे उचला. घोरणं अचानक थांबलं आणि पोट-छाती मात्र ओढत असेल, तर वाट पूर्ण बंद आहे. रुग्ण तडफडतो, हात सोडवतो, उठू बघतो, नातेवाईक म्हणतात वेदना होताहेत, झोपेचं द्या. आधी ऑक्सिजन मिळतो आहे का ते बघा. मग भरलेलं मूत्राशय. मग वेदना. ऑक्सिजन कमी असताना झोपेचं इंजेक्शन दिलं तर तडफड थांबते आणि थोड्या वेळाने श्वासही थांबतो. वॉर्डात पाठवायचा निर्णय आल्ड्रेट गुणांवर घ्या: हालचाल, श्वास, बीपी, शुद्ध, सॅच्युरेशन, प्रत्येकी २, दहापैकी ९ झाल्याशिवाय नाही.

भूलतज्ज्ञ निघण्याआधी त्यांना थांबवून तीन गोष्टी केसपेपरवर लिहून घ्या: कोणतं वेदनाशामक किती वाजता दिलं आणि पुढचं कधी, बीपी-नाडी किती आकड्यावर गेली की फोन करायचा, आणि ते पुढचा तासभर कुठे असतील. फोन करायची वेळ आलीच तर "पेशंट जरा बरोबर वाटत नाहीये" एवढंच सांगू नका. पलीकडचा माणूस गाडी चालवत असतो, त्याला चित्र दिसत नाही. असं सांगा: "मॅडम, सीझरची पेशंट, स्पायनल दोन वाजता. आता साडेतीन. बीपी ८० बाय ५०, नाडी १३०, सॅच्युरेशन ९६, शुद्धीवर आहे, पॅड भिजतंय, गर्भाशय मऊ लागतंय. दोन मोठ्या व्हेनफ्लॉन चालू आहेत, ऑक्सिजन लावला, सर्जनना बोलावलं, ब्लड बँकेला माणूस पाठवला. तुम्ही यायला हवं."